विजेविना खर्ज

दिव्यातल्या एका माध्यमिक शाळेतील संगीताच्या बाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला. परिपाठासाठी त्यांनी आठ-नऊ मुलांचा वाद्यवृंद उभा केला आहे. त्यात दोन गिटार, एक पेटी, एक ढोलकी, टाळ आणि खंजिरी आहेत, बाकीची मुले गातात. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला एखादे वाद्य घेऊन देण्याची तयारी दाखवली. नववीतल्या एका मुलाला बेस गिटार वाजवण्याची फार हौस. पण परिपाठ मैदानावर होतो आणि तिथे विजेचे बटण नाही. वाद्यांच्या दुकानदाराने तोड सुचवली, "अकूस्टिक बेस गिटार घ्या, बाई. तिला वीज लागत नाही." बाईंनी आम्हाला विचारले, "घ्यावी का? चार जणांत वाजवली तर ऐकू येईल का तिचा आवाज?"

देणगी एकदाच मिळणार होती. वाद्य चुकीचे निघाले तर ते कपाटात पडणार आणि तो मुलगा पुन्हा प्रेक्षकांत बसणार. म्हणून "हो" किंवा "नाही" असे चटकन सांगण्यापेक्षा या वाद्याचा इतिहास तपासून पाहावा असे आम्ही ठरवले. तो तपासताना मेक्सिको, मिरज आणि गोवा अशी फेरी झाली आणि शेवटी आम्ही दिव्याच्या फलाटावरच येऊन पोचलो.

आधी नावाविषयी थोडे. ज्याला वादक मंडळी 'बेस' म्हणतात त्याला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे, खर्ज. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. बेस गिटारची जाड तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ४१ कंपने. संगीताच्या भाषेत ती एक सप्तक खाली असते. बेस गिटारला बहुधा चारच तारा असतात आणि त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या आसपास असते. हे चार आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

साधी गिटार आधी विजेविना होती, मग विसाव्या शतकात तिला विजेची जोड मिळाली. बेस गिटारचा क्रम नेमका उलटा आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम तीन-चारशे वर्षे डबल बेस हे वाद्य करत आले. व्हायोलिनच्या घराण्यातले हे माणसाहून उंच वाद्य उभे धरून वाजवावे लागते. त्याची ने-आण करणे अवघड. १९३० च्या दशकात अमेरिकेत नाचाचे वाद्यवृंद मोठे आणि कर्कश झाले तेव्हा त्यांच्या गलक्यात डबल बेसही ऐकू येईना. सिअ‍ॅटल शहरातील पॉल टटमार्क याने १९३६ च्या सुमारास विजेवर चालणारे, गिटारसारखे आडवे धरायचे खर्जवाद्य बनवले, पण ते फारसे खपले नाही. मग १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणले. त्याचे अंग भरीव लाकडाचे होते, आत पोकळी नव्हतीच. तारेच्या कंपनांपासून चुंबक आणि वेटोळे यांच्या साहाय्याने विद्युत संकेत निर्माण करायचा आणि तो वर्धकाकडे पाठवायचा, अशी ही रचना होती. आज आपण ज्याला बेस गिटार म्हणतो ती हीच.

थोडक्यात, बेस गिटार जन्मली तीच मुळी विजेची वायर घेऊन. विजेविना खर्ज पुरेसा ऐकू येत नव्हता म्हणून तर ती जन्मली! तिच्यातून वीज काढून घेणे म्हणजे ज्या अडचणीवर ती उतारा होती ती अडचण परत आणणे.

तरीही ती वीज काढण्याचा प्रयत्न झाला. तारांच्या व्यवसायात नाव कमावलेला एर्नी बॉल आणि पूर्वी फेंडरबरोबर काम केलेला जॉर्ज फुलर्टन यांनी १९७२ साली 'अर्थवूड' नावाची पोकळ अंगाची बेस गिटार बाजारात आणली. बॉलचा तर्क सरळ होता. विजेच्या गिटारबरोबर विजेची बेस असते, मग साध्या गिटारबरोबर साधी बेस का नसावी? कल्पना सुचली ती मेक्सिकोतील 'गिटारॉन' या वाद्यावरून. अर्थवूडचे अंग इतके खोल होते की मांडीवर घेतल्यावर वादकाचा हात तिच्यावरून जेमतेम पुढे पोचावा. इतके करूनही आवाज काही गगनभेदी नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिचे उत्पादन थांबले.

पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवर 'अनप्लग्ड' ही मालिका सुरू झाली आणि या वाद्याला एकदम दिवस आले. एरिक क्लॅप्टनचा १९९२ सालचा आणि निर्वाणा या गटाचा १९९३ सालचा कार्यक्रम जगभर गाजला. आपल्याकडच्या तरुणांनीही तो पाहिला. त्यात पोकळ अंगाची बेस गिटार दिसत होती, छान ऐकूही येत होती. पण नीट पाहिले तर तिच्यातून वायर निघालेली असे किंवा पुढे ध्वनिग्राहक असे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कुठले वाद्य मोठे आणि कुठले लहान हे यंत्रावरच्या बटणांनी ठरते, वाद्याच्या अंगच्या ताकदीने नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांची बेस गिटार राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत स्पष्ट ऐकू येते तीही विजेच्या आणि यंत्राच्या आधाराने. 'अनप्लग्ड' या नावाने पुष्कळांची समजूत झाली की ही गिटार नुसती हाती घेतली की पुरे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अकूस्टिक बेस गिटारमध्ये आत विद्युतग्राहक बसवलेला असतो. बनवणाऱ्यांना खरी स्थिती ठाऊक आहे, असाच त्याचा अर्थ.

आता या अशक्तपणाचे कारण पाहू. वर्गात शिकवायला हा भाग फार चांगला आहे.

नुसती ताणलेली तार छेडली तर आवाज अगदी क्षीण येतो. तार बारीक असते, ती हवेला ढकलत नाही, हवा तिच्या बाजूने निसटून जाते. म्हणून तारेची कंपने घोडीमार्फत लाकडाच्या पातळ फळीला दिली जातात, ती रुंद फळी हवा ढकलते. परंतु फळीलाही हीच अडचण थोड्या प्रमाणात असते. फळी पुढे आली की तिच्यापुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. कंपने सावकाश असतील तर दाबलेल्या हवेला कडेने वळून मागची उणीव भरून काढायला भरपूर वेळ मिळतो आणि ध्वनी निर्माण होण्याआधीच विरून जातो. ४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. आपल्या नेहमीच्या वर्गखोलीहूनही ती लांब! त्यापुढे गिटारचे अर्ध्या मीटरचे अंग म्हणजे समुद्रात चमचा हलवण्यासारखेच.

यावर वाद्यकारांनी जुना उपाय शोधला होता, पोकळी आणि भोक. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक स्वर घुमतो. तोंडाशी असलेली हवा दट्ट्यासारखी आत-बाहेर होते आणि आतली हवा स्प्रिंगसारखी दबते व फुलते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याचा सविस्तर अभ्यास केला, म्हणून अशा पोकळीला त्यांचे नाव मिळाले. गिटारची पेटी ही अशीच पोकळी आहे. साध्या गिटारमध्ये ती सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे तिच्या जाड तारेपासून फार दूर नाही. त्यामुळे खालच्या स्वरांना चांगला आधार मिळतो. त्याखाली गेल्यावर मात्र पोकळी मदत करायचे सोडून उलट वागते. फळी आत गेली की भोकातून हवा बाहेर येते, दोघांचे काम एकमेकांना खोडते.

बेस गिटारला हा घुमण्याचा स्वर एक सप्तक खाली हवा. बाटलीचा प्रयोग केलेल्यांना माहीत असेल की स्वर खाली आणायचा तर पोकळी वाढवावी लागते. पण वारंवारिता निम्मी करायला पोकळी दुप्पट करून भागत नाही. भोक तेवढेच ठेवले तर ती चौपट करावी लागते. चौपट अंगाची गिटार मांडीवर घेऊन कोण वाजवणार? अकूस्टिक बेस गिटारचे अंग साध्या मोठ्या गिटारपेक्षा थोडेसेच मोठे असते. डबल बेस इतका अवाढव्य असूनही त्याची पोकळी ६० हर्ट्झच्या आसपासच घुमते, आणि त्याच्या हाती गजही आहे. गजाने तारेला सतत शक्ती पुरवता येते, गिटारची तार एकदा छेडली की संपले.

याच्यावर कडी करतो तो आपला कान. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली दाखवले की सर्व स्वर कानाला सारखे ऐकू येत नाहीत. १००० हर्ट्झचा स्वर जेवढ्या तीव्रतेला जेमतेम ऐकू येतो, त्याच्या सुमारे लाखपट तीव्रता ४० हर्ट्झच्या स्वराला लागते. कान खर्जाला जवळजवळ बहिरा आहे म्हटले तरी चालेल. निसर्गाने तसे केले ते बरेच झाले. नाही तर स्वतःच्या शरीराची हालचाल आणि रक्ताभिसरण यांचाच खळखळाट आपल्याला दिवसभर ऐकू आला असता.

मग गिटारॉन विजेविना, तेही उघड्या चौकात, कसा ऐकू येतो? मेक्सिकोच्या मारियाची गटांत व्हायोलिने असतात, कर्णे असतात, खड्या आवाजाचे गायक असतात, आणि त्यांच्यामध्ये हे फुगीर पाठीचे वाद्य निभावून नेते. एक तर त्याची सर्वांत खालची तार ४१ ला जात नाही, ५५ वरच थांबते. दुसरे, वादक बहुधा एका वेळी दोन तारा ओढतो, एक खर्जाची आणि दुसरी तिच्या बरोबर एक सप्तक वरची. वरची तार कानाला स्पष्ट पोचते आणि कान तिला खालच्या स्वराचाच भाग समजतो.

ही युक्ती आणखी खोलात पाहण्यासारखी आहे. कुठलीही तार केवळ एकाच वारंवारितेने कंप पावत नाही. ४१ च्या मूलस्वराबरोबर ८२, १२३, १६४ असे त्याच्या पटीतले उपस्वरही निघतात. जर्मनीत झेबेक याने १८४१ मध्ये भोके पाडलेल्या फिरत्या चकतीवर हवेचा झोत सोडून प्रयोग केले, तेव्हा मूलस्वर अत्यंत क्षीण असतानाही कानाला तोच स्वर ऐकू येतो असे त्याला आढळले. ओम याला (विद्युतरोधाचा नियम सांगणारा तोच) हे पटले नाही आणि दोघांत चांगलाच वाद रंगला. शंभर वर्षांनी, १९४० मध्ये, हॉलंडच्या स्कौटेन याने मूलस्वर पूर्णपणे काढून टाकूनही तो ऐकू येतो हे दाखवले. उपस्वरांमधल्या समान अंतरावरून मेंदू मूलस्वराचा हिशेब करतो. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून ३०० हर्ट्झखालचे काही जात नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर सव्वाशेच्या आसपास असतो. तरी फोनवर वडिलांचा आवाज कधी मुलीसारखा वाटला आहे काय?

आपल्याकडच्या कारागिरांनी हे सूत्र न लिहिता वापरले आहे. मिरजेला एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांनी तंबोरे बनवायला सुरुवात केली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतले हे लोक. त्यांनी पंढरपूरच्या बाजूला पिकणाऱ्या मोठ्या भोपळ्यांतून वाद्यांची परंपरा घडवली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ७० हर्ट्झची असते. म्हणजे बेस गिटारच्या तिसऱ्या तारेच्या जवळपास. भोपळा मोठा असला तरी ७० चा मूलस्वर फार जोरात बाहेर पडतो असे नाही. परंतु घोडीचा माथा किंचित गोलाई दिलेला असतो आणि तारेखाली सुताचा धागा, म्हणजे जीव, सरकवलेला असतो. तार त्या गोलाईला चाटत कंप पावते आणि उपस्वरांचा झगमगाट उठतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कोलकात्यात यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वरांची गाठ पडते ते ऐकू येऊ नयेत असा नियम होता. तंबोऱ्यात ते खुशाल ऐकू येतात हे त्यांनी दाखवून दिले. तंबोरा खर्ज नुसता वाजवत नाही, तो ऐकणाऱ्याच्या कानात उभा करतो. आमच्या मते बेस गिटार विकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तंबोऱ्यापुढे बसावे.

तरीही तंबोरा शांत बैठकीचा. उघड्यावर, टाळांच्या गजरात, आपल्या पूर्वजांनी खर्जासाठी तार वापरलीच नाही. त्यांनी चामडे वापरले.

पखवाज पाहा. उजव्या तोंडावर शाई असते, डाव्या तोंडाला म्हणजे धुमेला वाजवण्याच्या आधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. कणकेने चामड्याचे वजन वाढते, वजन वाढले की कंपने मंदावतात, स्वर खाली उतरतो. भरताच्या नाट्यशास्त्रात नदीकाठची माती चामड्याला लावण्याचे वर्णन आहे, म्हणजे ही कल्पना किती जुनी आहे ते दिसते. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात या वाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ मध्ये बंगळुरातून सविस्तर निबंध लिहिला. साध्या ढोलाचे उपस्वर विस्कळीत असतात, पण शाई लावलेल्या तोंडाचे उपस्वर तारेसारखे पटीत येतात, हा त्यांचा निष्कर्ष सर्वांना माहीत आहे. आमचा मुद्दा मात्र डाव्या तोंडाचा, ज्याच्याविषयी कमी बोलले जाते.

धूम वाजते तेव्हा चामडे सगळेच्या सगळे एकदम आत-बाहेर होते. गिटारच्या फळीप्रमाणे पुढची हवा मागे पळून जाऊ शकत नाही, कारण मागे लाकडाचे बंद खोड आहे. हवेला ढकलण्याचे सगळे काम बाहेरच्या बाजूलाच खर्ची पडते. शिवाय थाप मारणारा हात तारेला लावता येणार नाही एवढी शक्ती एका क्षणात देतो. खर्ज लांबत नाही, लगेच विझतो. पण तालाला तेवढाच पुरतो. ढोलकीत कणकेऐवजी डाव्या पुडीला आतून मसाला लावतात, तत्त्व तेच.

आणि गिटार-व्हायोलिनच्या संगतीला विजेविना खर्ज हवा, हा बाईंचा नेमका प्रश्न शेजारच्या गोव्यात कधीच सुटला आहे. मांडो हे गोव्यातील ख्रिस्ती घरांमधले गीत व्हायोलिन आणि गिटारच्या साथीने गातात, आणि खर्जाला असतो घुमट. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, लहान तोंड उघडे. एका हाताने चामड्यावर थाप मारायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने उघडे तोंड कमी-जास्त झाकायचे. हेल्महोल्ट्झची पोकळी हीच, फक्त इथे भोकाचा आकार वादकाच्या तळहातात आहे. तोंड झाकत नेले की स्वर खाली घसरतो. हिंदू घरांतल्या गणपतीच्या आरतीलाही हाच घुमट शामेळ आणि कांसाळ्यांबरोबर वाजतो. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला.

आता दिवा. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोचली. पारसिकचा सुमारे सव्वा किलोमीटरचा बोगदा १९१६ साली झाला. १९६० च्या दशकात दिव्याहून पनवेलकडे फाटा गेला, पुढे तोच कोकण रेल्वेला जोडला गेला. सावंतवाडीची गाडी दिव्याहून सुटते. त्यामुळे दिव्यात कोकणातली वस्ती मोठी, आणि तिच्याबरोबर भजनही. सिंधुदुर्गाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा पेटी-पखवाजासह रात्री चालणारा सामना, ज्यांनी ऐकली आहे त्यांना पखवाजाची धूम अंगावर कशी येते हे सांगायला नको. लोकलमधली भजनी मंडळे हा त्याचाच फिरता अवतार.

या डब्यातला प्रयोग अवश्य करावा. गाडीची चाके, मोटारी आणि पंखे मिळून जो गोंगाट होतो तो मुख्यतः खालच्या वारंवारितेचा असतो, म्हणजे नेमका बेस गिटारच्या मुलखातला. हलक्या खर्जाला हा गोंगाट गिळून टाकतो. टाळ गिळता येत नाहीत, कारण त्यांचा नाद हजारो हर्ट्झमध्ये असतो, जिथे गाडी मुकी आणि कान तीक्ष्ण असतो. २०२२ पर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात. भिंतींवरून गोंगाट परत फिरला की गाण्यातले शब्द आणि ढोलकी बुडत, टाळ तेवढे तरंगत राहत. अशा वेळी मंडळी काय करत? आणि अजूनही करतात? डब्याच्या पत्र्यावर तळहाताने ठेका धरतात. कुणी त्यांना ध्वनिशास्त्र शिकवलेले नाही. पण दीड-दोन मीटरचा तो पत्रा हवा ढकलणारी मोठी फळीच आहे, कुठल्याही गिटारहून मोठी. सहप्रवाशांना नेहमीच आवडते असे नाही, ते असो.

हे सगळे डोक्यात घेऊन आम्ही एका ओळखीच्या वादकाची अकूस्टिक बेस गिटार उसनी मागून शाळेत गेलो. मधल्या सुट्टीनंतर मैदानावर मुले उभी राहिली. तो नववीतला मुलगा एकटा वाजवत होता तोवर पाच-सहा पावलांवर छान ऐकू येत होते. एक गिटार सुरू झाली तरी चालले. ढोलकीची पहिली थाप पडली आणि बेस नाहीसा झाला. मुलगा बोटांनी जोर लावू लागला. सैलसर जाड तारा पट्टीवर आपटून खडखडू लागल्या, स्वर मात्र वाढला नाही. गाणे संपल्यावर त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, मी वाजवत होतो ना?"

त्याच वाद्याने वर्गात वेगळे रूप दाखवले. खिडक्या लावलेल्या, एक मुलगी हळू आवाजात गाते आहे, एकच गिटार आहे, ढोलकी बाहेर. तिथे बेसने गाण्याखाली जमीन घातल्यासारखे झाले. म्हणजे दोघा-तिघांच्या शांत संगतीला हे वाद्य उपयोगी आहे, टाळ-ढोलकीच्या मेळ्यात नाही. आम्ही बाईंना तसेच सांगितले. मैदानासाठी घुमट किंवा धुमेला कणीक लावलेला पखवाज घ्यावा, त्याच पैशात दोन्ही येतील आणि पैसे उरतीलही. आणि बेस घ्यायचीच झाली तर सरळ विजेची घ्यावी, लहान वर्धकासह, वर्गात आणि सभागृहात वाजवायला. वीज न लागणारी बेस ही दुकानदाराची सूचना खोटी नव्हती, अर्धी होती एवढेच.

बाईंनी पखवाज घेण्याचे ठरवले. मुलाचा चेहरा उतरला. तेव्हा आम्ही त्याला तीन गोष्टी करून पाहायला सांगितल्या. ४१ च्या तारेला हात न लावता तोच स्वर एक सप्तक वर वाजव. बोटाच्या गुबगुबीत भागाऐवजी प्लास्टिकच्या नखीने, घोडीच्या जवळ छेड, म्हणजे उपस्वर वाढतील आणि उरलेले काम ऐकणाऱ्यांचे कान करतील. पहिल्या दोन गोष्टींनी फरक पडला, पण थोडा. तिसरी गोष्ट स्वरकाटा टेबलावर टेकवण्याच्या जुन्या प्रयोगाची होती. वर्गात मागे लाकडी कपाट होते, वह्यांचे. मुलगा त्याला खेटून बसला, गिटारचा माथा त्याने कपाटाच्या दारावर टेकवला आणि तार छेडली. कपाट घुमले. पहिल्या बाकावरच्या मुलांनी मागे वळून पाहिले. त्याने पुन्हा छेडली, मग माथा जरा दूर केला, पुन्हा टेकवला. बाईंनी हातातली हजेरीची वही ठेवली आणि कपाटातले गठ्ठे बाहेर काढायला दोन मुले लावली, रिकामे झाल्यावर कसे वाजते ते पाहू म्हणून.